विमानतळाचा रक्षक आणि मरणोत्तर सन्मान : फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांच्या शौर्याचे विवेचन

प्रास्ताविक

युद्धाच्या इतिहासात ठाणे काबीज करणारा, शत्रूच्या मुलखात मुसंडी मारणारा वीर चटकन नजरेत भरतो. त्याच्या पराक्रमाची खूण नकाशावर राहते. आपल्या ताब्यातील तळाचे रक्षण करणाऱ्याचे मात्र तसे नसते. शत्रू परत गेला, धावपट्टी शाबूत राहिली, दुसऱ्या दिवशी विमाने नेहमीप्रमाणे उतरली, एवढीच त्याच्या यशाची खूण. जे अरिष्ट टळले त्याचे चित्र कोणी पाहिलेले नसते. म्हणून रक्षकाच्या शौर्याची नोंद होणे हे विजेत्याच्या शौर्याच्या नोंदीपेक्षा अवघड असते. आणि तो रक्षक त्याच लढतीत कामी आला असेल तर अधिकच अवघड असते.

परमवीरचक्र हा स्वतंत्र भारताचा युद्धकाळातील सर्वोच्च शौर्य सन्मान आजवर २१ वीरांना मिळाला असून त्यांपैकी १४ जणांना तो मरणोत्तर देण्यात आला आहे. या एकवीस जणांत भारतीय हवाई दलातील एकच नाव आहे, ते म्हणजे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों. श्रीनगरच्या हवाई तळाचे रक्षण करताना १४ डिसेंबर १९७१ रोजी त्यांना वीरमरण आले. प्रस्तुत लेखात त्यांच्या लढतीचे स्वरूप, परमवीरचक्राशी महाराष्ट्राचा असलेला संबंध आणि मरणोत्तर सन्मान ज्या साक्षीवर उभा असतो त्या साक्षीचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे. हा प्रश्न केवळ काश्मीरचा वा पंजाबचा नाही. जालना जिल्ह्यातील असईच्या रणभूमीलाही तो लागू पडतो, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

१. श्रीनगरची धावपट्टी : पार्श्वभूमी

श्रीनगरच्या विमानतळाचे महत्त्व समजण्यासाठी १९४७ सालाकडे जावे लागते. २६ ऑक्टोबर १९४७ रोजी जम्मू-काश्मीरच्या महाराजांनी सामीलनाम्यावर स्वाक्षरी केली आणि दुसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, पहिल्या शीख पलटणीची तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली. त्या वेळी टोळीवाले बारामुल्लापर्यंत येऊन पोहोचले होते. खोऱ्यात वेळेवर कुमक पोहोचविण्याचा मार्ग हवाई होता. ती धावपट्टी हातची गेली असती तर श्रीनगर वाचविणे दुरापास्त झाले असते.

३ नोव्हेंबर १९४७ रोजी मेजर सोमनाथ शर्मा यांच्या नेतृत्वाखालील चौथ्या कुमाऊँ पलटणीची कंपनी विमानतळाजवळील बडगाम येथे गस्तीवर होती. शर्मा यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. शेकडो टोळीवाल्यांनी या तुकडीवर हल्ला चढविला. संख्याबळाचे प्रमाण एकास सात असे विषम होते. आपण मागे हटलो तर विमानतळ आणि शहर दोन्ही धोक्यात येतील हे शर्मा यांनी ओळखले. उघड्या मैदानातून धावत जाऊन त्यांनी आपल्या विमानांना लक्ष्य दाखविण्यासाठी जमिनीवर कापडी पट्टे अंथरले, आणि जवान कमी पडू लागले तेव्हा मशीनगनसाठी स्वतः काडतुसे भरून दिली. अखेर उखळी तोफेचा गोळा जवळच्या दारूगोळ्यावर पडून ते धारातीर्थी पडले. त्यांच्या कंपनीने शत्रूला सुमारे सहा तास अडवून धरल्यामुळे कुमक पोहोचू शकली. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर देण्यात आले.

यानंतर चोवीस वर्षांनी त्याच विमानतळाच्या रक्षणासाठी दुसरे परमवीरचक्र दिले गेले, तेही मरणोत्तरच.

२. १४ डिसेंबर १९७१ : सेखों यांची लढत

निर्मलजीत सिंग सेखों हे लुधियाना जिल्ह्यातील इसेवाल गावचे. त्यांचे वडील त्रिलोक सिंग हेही हवाई दलात होते. ४ जून १९६७ रोजी निर्मलजीत यांना हवाई दलात अधिकारपद मिळाले. ते १८ व्या स्क्वाड्रनमध्ये नॅट हे लढाऊ विमान चालवीत. मूळ ब्रिटिश आराखड्याचे व बंगळूर येथे बांधले जाणारे हे विमान आकाराने लहान, हलके आणि चपळ होते. १९६५ च्या युद्धात सेबर विमानांविरुद्ध त्याने नाव कमावले होते.

सेखों यांच्या कामगिरीचे मोल जाणण्यासाठी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे शांततेच्या काळात श्रीनगर येथे हवाई संरक्षणाची लढाऊ विमाने ठेवली जात नसत. डिसेंबर १९७१ मध्ये युद्धाला तोंड फुटल्यावर नॅट विमानांची तुकडी तेथे आली. त्यामुळे सेखों यांना त्या प्रदेशाची ओळख नव्हती. समुद्रसपाटीपासूनची उंची, काश्मीरचा ऐन हिवाळा आणि बोचरे वारे यांची त्यांच्या शरीराला सवय नव्हती. त्यांच्या अधिकृत गौरवलेखात या परिस्थितीचा मुद्दाम उल्लेख आहे.

१४ डिसेंबरच्या सकाळी पेशावरहून निघालेली सहा सेबर विमाने श्रीनगरवर चालून आली. विंग कमांडर चंगेझी त्यांचे नेतृत्व करीत होते. चार विमाने बॉम्बफेकीसाठी आणि दोन त्यांच्या संरक्षणासाठी होती. तळावर दोन नॅट विमाने तत्काळ उड्डाणासाठी सज्ज होती. फ्लाइट लेफ्टनंट घुमन हे जोडीचे प्रमुख, तर सेखों हे त्यांचे साथीदार होते. घुमन यांच्या विमानाने प्रथम उड्डाण केले. सेखों धावपट्टीवर वेग घेत असतानाच बॉम्ब पडू लागले.

धावपट्टीवरचे विमान हे शत्रूच्या दृष्टीने सर्वांत सोपे लक्ष्य असते. ते सरळ रेषेत धावत असते, वळू शकत नाही, आणि हवेत उठल्यावरही काही क्षण त्याचा वेग कमी असतो. अशा वेळी उड्डाण न करणे हा भित्रेपणा ठरला नसता. कदाचित तो शहाणपणाच मानला गेला असता. सेखों यांनी उड्डाण केले आणि लगेच दोन सेबर विमानांच्या पाठीमागे लागले. धूळ व गोंधळ यांमुळे घुमन यांचा त्यांच्याशी दृष्टिसंपर्क तुटला होता. त्यामुळे सेखों एकटेच राहिले. गौरवलेखानुसार त्यांनी एका सेबरवर अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. तेवढ्यात इतर सेबर मदतीस धावली आणि एकास चार अशी स्थिती झाली. झाडांच्या शेंड्यांइतक्या कमी उंचीवर ही झुंज चालली. अखेर त्यांच्या विमानावर गोळ्यांचा मारा झाला. आपल्याला गोळी लागल्याचे त्यांनी रेडिओवरून घुमन यांना कळविले. शेवटच्या क्षणी त्यांनी विमानाबाहेर पडण्याचा प्रयत्न केला असे मानले जाते. विमान डोंगराळ भागातील एका घळीत कोसळले. त्यांचा देह मिळाला नाही. दोनच दिवसांनी, १६ डिसेंबर रोजी, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

त्या युद्धात चौघांना परमवीरचक्र मिळाले. लान्सनायक अल्बर्ट एक्का, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल आणि सेखों यांना ते मरणोत्तर, तर मेजर होशियार सिंग यांना हयातीत मिळाले.

३. परमवीरचक्र आणि महाराष्ट्र

हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आले. पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. मूळच्या स्वित्झर्लंडमधील या विदुषीने मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह केला आणि भारतीय तत्त्वज्ञान, पुराणे व संतसाहित्य यांचा सखोल अभ्यास केला. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथही लिहिला. पदकाची कल्पना मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्याकडे सोपविली होती.

कांस्य धातूच्या या गोल पदकावर मध्यभागी राजमुद्रा असून तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. वज्र हे दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडले, ही कथा सर्वपरिचित आहे. स्वतःचा देह देऊन इतरांच्या रक्षणाचे साधन निर्माण करणाऱ्या ऋषीचे प्रतीक या पदकासाठी निवडले गेले, हे लक्षणीय आहे. त्यात विजयापेक्षा आत्मार्पणाला अग्रस्थान आहे. पहिले पदक ज्यांना मरणोत्तर मिळाले त्या मेजर सोमनाथ शर्मा यांचे बंधू हे सावित्रीबाईंचे जामात होते, हा योगायोगही उल्लेखनीय आहे.

४. मरणोत्तर सन्मान : नियम आणि साक्ष

मृत्यूनंतर शौर्यपदक देण्याची प्रथा आपल्याला आज स्वाभाविक वाटते. परंतु ती पूर्वापार नाही. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची तरतूद नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ही भूमिका बदलली. दुसऱ्या महायुद्धात रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसराचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतील १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. परमवीरचक्राच्या नियमांत मात्र आरंभापासूनच मरणोत्तर सन्मानाला स्थान आहे.

नियमात स्थान असले तरी सन्मान आपोआप मिळत नाही. तुकडीच्या प्रमुखाने शिफारस लिहावी लागते. घटना पाहणाऱ्यांची निवेदने तिला जोडली जातात. ती शिफारस वरिष्ठांच्या छाननीतून जाते. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ती राजपत्रात प्रसिद्ध होते. या सर्व प्रक्रियेचे सार ज्या मजकुरात उतरते त्याला आपण वर गौरवलेख म्हटले आहे. लष्करी परिभाषेत त्याला सायटेशन म्हणतात. हयात वीर स्वतः प्रसंग सांगू शकतो, त्याला प्रश्न विचारता येतात. मृत वीराच्या बाबतीत इतरांची साक्ष हाच एकमेव आधार उरतो. सेखों यांची झुंज तळाच्या परिसरातच, कमी उंचीवर झाली आणि त्यांचे रेडिओवरील संदेश ऐकले गेले. त्यामुळे त्यांच्या शौर्याला साक्षीदार लाभले. तीच लढत दूरच्या डोंगरापलीकडे, संपर्काबाहेर झाली असती तर त्यांची नोंद कदाचित बेपत्ता वैमानिक एवढीच झाली असती.

५. शत्रूची साक्ष

येथे अभ्यासकाने एका मतभेदाची दखल घेणे आवश्यक आहे. भारतीय गौरवलेखात दोन सेबर विमानांवर परिणामकारक मारा झाल्याचे म्हटले आहे. पाकिस्तानी बाजूच्या वृत्तान्तांत त्या मोहिमेत एकही सेबर गमावल्याचे मान्य केलेले नाही. सेखों यांचे विमान फ्लाइट लेफ्टनंट सलीम बेग मिर्झा यांनी पाडले, असे ते वृत्तान्त सांगतात. एकट्या नॅटने सहा विमानांना झुंज दिली, ही बाब मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. हवाई युद्धात असे मतभेद नवीन नाहीत. वेग, धूर आणि क्षणार्धात बदलणारी दिशा यांमुळे वैमानिकांचे दावे व प्रत्यक्ष हानी यांत तफावत पडते.

वर्गात हा मतभेद लपवून ठेवण्याचे कारण नाही. सेखों यांचे शौर्य पाडलेल्या विमानांच्या संख्येवर अवलंबून नाही. बॉम्ब पडत असताना उड्डाण करणे आणि परतीची वाट असूनही एकट्याने लढत राहणे, हे त्या शौर्याचे मर्म आहे. आणि त्याविषयी दुमत नाही. किंबहुना शत्रूनेही मान्य केलेला भाग हाच सर्वांत बळकट पुरावा ठरतो.

शत्रूच्या साक्षीमुळे सन्मान मिळाल्याचे एक उदाहरण हवाई दलाच्या इतिहासात आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधा तळावरील हल्ल्यात सहभागी झालेले स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. त्यांच्या मिस्टेअर विमानाने पाकिस्तानच्या अत्याधुनिक स्टारफायटरशी झुंज देऊन ते पाडले, ही गोष्ट भारतीय बाजूला ठाऊकच नव्हती. जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने लिहिलेला ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो प्रसंग उजेडात आला. देवय्या यांना महावीरचक्र मिळाले ते १९८८ मध्ये, घटनेनंतर तेवीस वर्षांनी. ते शौर्य तेवीस वर्षे तेवढेच मोठे होते. नव्हती ती फक्त नोंद.

६. जमिनीवरचे रक्षक

हवाई तळाचे रक्षण केवळ वैमानिक करीत नाहीत. १९७१ मध्ये भुजची धावपट्टी बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाली, तेव्हा माधापर गावच्या सुमारे तीनशे स्त्रियांनी ती अल्पावधीत दुरुस्त केली. त्या वेळी तळाचे नेतृत्व स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक या मराठी अधिकाऱ्याकडे होते.

२ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोटच्या हवाई तळावर दहशतवादी हल्ला झाला. त्या मोहिमेत सात जणांना वीरमरण आले. त्यांपैकी पाच जण संरक्षण सुरक्षा दलाचे होते. या दलात मुख्यतः सैन्यातून निवृत्त झालेले जवान पुन्हा सेवेत येतात. त्यांच्यापैकी जगदीश चंद हे नि:शस्त्र असताना एका दहशतवाद्याशी भिडले आणि त्याच्याच शस्त्राने त्याला ठार केले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. अशोकचक्र, कीर्तिचक्र व शौर्यचक्र ही पदके प्रत्यक्ष युद्धाव्यतिरिक्तच्या शौर्यासाठी असतात, म्हणून पठाणकोटच्या रक्षकांचा विचार या मालिकेत झाला.

हवाई तळांच्या जमिनीवरील संरक्षणासाठी हवाई दलाने २००४ मध्ये गरुड हे विशेष दल उभारले. उत्तर महाराष्ट्राचे सुपुत्र सार्जंट मिलिंद किशोर खैरनार हे याच दलाचे. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमधील बांदिपोरा जिल्ह्यातील हाजिन भागात दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत ते व त्यांचे सहकारी नीलेशकुमार नयन यांना वीरमरण आले. दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांची लढत तळाच्या कुंपणाबाहेर झाली असली, तरी ज्या दलाचा जन्मच तळांच्या रक्षणासाठी झाला त्याच परंपरेतील ती होती. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना सेखों यांच्याबरोबर खैरनार यांचे नावही ठाऊक असले पाहिजे.

७. असईचा धडा

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असई येथे शिंदे-भोसले यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्ली यांचे सैन्य यांच्यात लढाई झाली. ब्रिटिश बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. विजयी पलटणींना असईचे नाव व हत्तीचे चिन्ह ध्वजावर मिरविण्याचा मान मिळाला. त्यांच्या अधिकाऱ्यांची नावे, पत्रे व अहवाल आजही उपलब्ध आहेत.

दुसऱ्या बाजूला शिंद्यांचे गोलंदाज होते. ते आपल्या तोफा सोडून हटले नाहीत, तोफेपाशीच कापले गेले, आणि काहींनी तर शत्रूची फळी पुढे सरकताच पुन्हा तोफा डागल्या, हे आपल्याला समजते ते ब्रिटिशांच्याच वृत्तान्तांतून. येथेही साक्ष शत्रूची आहे. परंतु त्या गोलंदाजांसाठी शिफारस लिहिणारा कोणी नव्हता, राजपत्र नव्हते, पदक नव्हते. त्यांचे शौर्य नोंदले गेले, पण नावे गेली. जागा न सोडता मरण पत्करणारा बडगामचा मेजर, श्रीनगरचा वैमानिक आणि असईचा गोलंदाज यांच्या निष्ठेत फरक करता येणार नाही. फरक आहे तो नोंदीचा.

समारोप

सेखों यांच्या स्मृती अनेक रूपांनी जतन झाल्या आहेत. भारतीय नौवहन निगमाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले होते. २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकात परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना या वीरांची नावे देण्यात आली, त्यांत सेखों यांचेही नाव आहे. हे सर्व योग्यच आहे. तथापि स्मारके उभी राहतात ती नोंदीच्या पायावर, हे विसरता कामा नये.

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, हवाई तळाच्या रक्षकाचे शौर्य टळलेल्या हानीत दडलेले असल्याने ते समजावून सांगावे लागते. दुसरी, मरणोत्तर सन्मान हा साक्षीवर उभा असतो. साक्ष नसेल तर खरे शौर्यही दशकानुदशके अंधारात राहते. तिसरी, गौरवलेख हा केवळ वाचून टाळ्या वाजविण्याचा मजकूर नसून इतिहासाचे साधन आहे, आणि इतर साधनांप्रमाणे तोही ताडून पाहिला पाहिजे.

अध्यापक म्हणून आपल्या हाती एक काम निश्चित आहे. मराठवाड्यातील अनेक खेड्यांतून सैन्यात गेलेले, निवृत्त होऊन परतलेले जवान आपल्या आसपास आहेत. जे परतले नाहीत त्यांचे सहकारी आहेत. इतिहास विभाग, राष्ट्रीय छात्रसेना व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या विद्यार्थ्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सहकार्याने त्यांची निवेदने दिनांक, ठिकाण व पलटण यांसह लिहून घेतली, तर ते मोलाचे साधन ठरेल. असईच्या गोलंदाजांची नावे आता मिळणार नाहीत. परंतु आपल्या काळातील रक्षकांची नावे आणि त्यांनी नेमके काय केले याची नोंद, ते सांगणारे हयात आहेत तोवर आपण निश्चितच करू शकतो.